डब्यातली वाळू

तो मोठा दिवा मालव गं स्वरूपा, शेगडीचा उजेड पुरे आहे. आणि आकाश, मघाशी जेवताना तू खोचकपणे विचारलंस ना, की काका, तुम्ही डॉक्टर माणूस, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का? नाही बाबा. गेली सव्वीस वर्षं मी इथे आयर्लंडात, लेटरकेनीत भूलतज्ज्ञ आहे. माणसाला झोपवायचं आणि परत उठवायचं, एवढंच मला येतं. पण एक गोष्ट सांगतो. ज्याच्यावर गुदरली त्याने याच टेबलाशी बसून मला सांगितली, आणि सांगताना चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. तुम्ही डब्लिनची पोरं हसणार. हसा, पण उद्या सकाळी हसा.

नरेश म्हणून आहे एक. मूळचा अलिबागचा. कंपनी त्याची डब्लिनजवळ चेरीवूडला, पण बायको, सुलेखा, आमच्या इथे हाडांची डॉक्टर. म्हणून हा घरूनच काम करायचा आणि महिन्यातून दोनदा डब्लिनला तोंड दाखवून यायचा. मुलगी निहारिका, तेव्हा सात वर्षांची. इथेच वाढलेली. आईबाप मराठीत बोलणार, ही इंग्रजीत उत्तर देणार, तेही इथल्या, डोनेगलच्या हेलात. कळतं सगळं, पण मराठी शब्द म्हणून तोंडातून काढायचा नाही. नरेशला त्याची फार चुटपुट होती.

त्या वर्षी फेब्रुवारीत पोरीला खोकला लागला. ताप गेला, सर्दी गेली, खोकला राहिला. दिवसा बरी असायची. रात्री अकरा वाजले की सुरू. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, पंप देऊन झाला. विषाणूनंतर राहतो असा, जाईल हळूहळू, असं मीही सांगितलं होतं. जून संपत आला तरी गेला नव्हता. खोकता खोकता मध्येच तिचा श्वास अडकायचा. तो परत लागेपर्यंत नरेश तिच्या पाठीवर हात ठेवून अंधारात मोजत बसायचा. एक, दोन, तीन... एकदा अकरापर्यंत गेला होता. चार महिने तो माणूस धड झोपला नव्हता.

आता तारीख ऐका. शनिवार, २९ जून २०२४. बघ, आकाशचे डोळे चमकले! हो, तीच रात्र, वर्ल्डकपच्या फायनलची. आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती, इथे सात वाजून गेले होते. नरेश एकटाच सोफ्यावर चढून नाचला. निहारिका म्हणाली, “बाबा, स्टॉप, आय’म मॉर्टिफाइड!” तेवढ्यात फोन वाजला. सुलेखा रात्रपाळीवर होती.

“नरेश, वडे पोचवलेस का?”

“निघतोच आहे.”

“म्हणजे नाही. अरे, दहाला होडी सोडतात! होडीत सोडायचा माझा कागद फ्रिजवर लावलाय, तो विसरू नकोस. आणि निहूला स्वेटर घाल.”

हे वडे जायचे होते चियोकोबाईंकडे. बाई सत्तरीच्या पुढच्या, जपानमधल्या कुठल्याशा कोळ्यांच्या गावच्या. तरुणपणी इथल्या एका मच्छीमाराशी लग्न करून आल्या. तो समुद्रातच गेला, या राहिल्या. हिवाळ्यात पडून त्यांचं मनगट मोडलं, ते सुलेखाने बसवलं, तेव्हापासूनचं गूळपीठ. समुद्राच्या वर त्यांचं छोटं शेत आहे आणि शेताच्या टोकाला त्यांनी माहेरच्या देवाचं लाकडी देऊळ बांधून घेतलंय. केवढं? आपल्याकडे पारावर असतं तेवढं. जागा नेमकी कुठली ते मी सांगणार नाही. तुम्ही लगेच गाडी काढाल.

दर वर्षी जूनच्या अखेरीला तिथे जत्रा भरते. डब्लिनहून, बेलफास्टहून जपानी मुलंमुली येतात. निळे आखूड डगले घालून ढोल बडवतात, देवाची पालखी खांद्यावर घेऊन ओरडत ओरडत कंबरभर पाण्यात नेतात आणि देवाला समुद्रस्नान घालून परत आणतात. गावातली आयरिश मंडळी सहकुटुंब हजर. नरेशने हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि गडी ढोलाच्या पहिल्याच ठोक्याला विरघळला. बारा वर्षं परदेशात काढलेला माणूस तो. समुद्र, ढोल, खांद्यावर देव... पालखीला खांदा द्यायला पुढेसुद्धा गेला. वडे दहा मिनिटांत संपले.

शेवटचा विधी मात्र वेगळा होता. वीतभर कागदाची माणसं असतात. त्यावर आपलं नाव आणि वय लिहायचं, कागद अंगावरून फिरवायचा, आणि तीनदा त्यावर श्वास सोडायचा. अंगात, मनात जे काही नको ते साचलं असेल, ते त्या कागदात उतरतं. मग सगळ्यांचे कागद लव्हाळ्याच्या होडीत घालून ओहोटीबरोबर समुद्रात सोडून द्यायचे. निहारिकाने कागद छातीवरून फिरवला. पहिला श्वास सोडला. दुसरा. तिसऱ्याला जी उबळ आली, ती सगळी त्या कागदावर गेली. चियोकोबाईंनी तो दोन बोटांत धरून होडीत ठेवला.

“आता ते तुझं नाही,” त्या म्हणाल्या. “कुणाचंच नाही.”

दहा वाजून गेले होते. इथे जूनमध्ये धड अंधार होतच नाही, उत्तरेला फिकट पट्टा राहतो. होडीतला दिवा हलत हलत निघाला. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, की आता हातपाय गोड्या पाण्याने धुवा, वर लव्हाळ्याचं मोठं कडं उभं केलंय त्यातून घरच्या बाजूला या, आणि किनाऱ्यावरचं काही, अगदी शिंपलासुद्धा, बरोबर नेऊ नका. नरेशने ऐकलं. पोरांसाठी सांगताहेत, असं त्याला वाटलं.

आणि मग त्याने ते केलं. आपल्यापैकी कोणीही केलं असतं, मीसुद्धा. होडी लांब जाताना पाहून त्याला राहवलं नाही, आणि लहानपणापासून किनाऱ्यावर उभं राहून जे ओरडत आला, तेच तो ओरडला. पुढच्या वर्षी लवकर या! दोन जपानी पोरांनी टाळ्या वाजवल्या. हातात वड्यांचा स्टीलचा डबा होता, रिकामा. त्याचे वडील विसर्जनाहून कधी रिकामा पाट घेऊन घरी येत नसत, पाटावर मूठभर वाळू यायचीच. मग ती घरात कोपऱ्याकोपऱ्यात टाकायची. नरेश वाकला. होडी जिथून पाण्यात ढकलली होती तिथली मूठभर ओली वाळू त्याने डब्यात घेतली आणि झाकण लावलं. विचार वगैरे काही केला नाही. देवळातून निघताना आपला हात घंटेकडे जातो, तेव्हा आपण विचार करतो का?

अकराच्या सुमाराला ते निघाले. निहारिका मागे, डाव्या बाजूला, तिच्या खुर्चीत. अंगावर पांघरूण. डबा पुढच्या सीटवर. घर पन्नास मिनिटं. पहिली वीस मिनिटं समुद्राकाठची वस्ती आहे, मग माळरान लागतं. झाड नाही, घर नाही, दोन्हीकडे दलदल आणि मधून एक अरुंद रस्ता. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. नरेशने घड्याळ पाहिलं, कारण खोकल्याची वेळ टळून गेली होती. मागे सगळं शांत होतं. त्याला इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं.

“निहू, झोपलीस का गं?” त्याने हळूच विचारलं.

“नाही.”

“खोकला येतोय?”

“नाही.”

त्याच्या दोन क्षणांनी लक्षात आलं. नाही. ‘नो’ नव्हे, ‘नोप’ नव्हे... नाही. पोरगी मराठीत बोलली! चार महिन्यांचा खोकलाही गेला आणि वर हे. नरेशला गाडी चालवता चालवता हसू फुटलं.

“पाणी हवंय का, बाळा?”



“...हो.”

त्याने बाटली उचलली आणि समोर बघतच हात मागे केला. बाटली घेतली गेली. घेताना बोटं लागली, गार होती. स्वेटर काढला की काय हिने, म्हणून त्याने आरशात पाहिलं.

निहारिका डावीकडच्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. दोन्ही हात पांघरुणात.

बाटली उजवीकडून घेतली होती. त्याच्या पाठीमागून.

तेवढ्यात गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. तुमच्याही गाड्यांत आहे ते. मागे कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की लाल खूण लागते. खूण लागली होती. मागची सीट, उजवी बाजू.

नरेश थांबला नाही. थांबायचं धाडसच झालं नाही. टिंग... टिंग... टिंग... मग खट् असा आवाज झाला. पट्टा लागला. खूण विझली.

...

पुढे चढ होता. चढावर फोनला जेमतेम एक काडी रेंज येते. नरेशने चियोकोबाईंना फोन लावला आणि कानाशी घट्ट धरला. बाईंनी आवाजावरूनच ओळखलं.

“काय नेलंस?”

“वाळू. मूठभर. आमच्याकडे आणतात...”

“आणि बोललास काय? तू काहीतरी ओरडलास. मला वाटलं, निरोप घेतोयस.”

नरेशने सांगितलं. इंग्रजीत सांगताना त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते.  

“नरेश,” बाई म्हणाल्या, “त्या होडीत साठ माणसांचं नकोसं होतं. ज्याला कोणी ठेवून घेत नाही असं. त्याला आजवर कोणी ‘ये’ म्हटलेलं नाही. तू म्हटलंस. गाडी फिरव. ते विचारेल, त्याला उत्तर देऊ नकोस. पोर कशी आहे?”

“झोपली आहे.”

“ते नाही विचारलं. श्वास घेतेय का?”

नरेशने कान दिला. मागून श्वास ऐकू येत होता. संथ, ओलसर, मोठा. मोठ्या माणसाचा. उजवीकडून. डावीकडून... काही नाही.

त्याने हात मागे टाकला, पोरीच्या गुडघ्याला लावला. ऊब होती. छातीपर्यंत हात पोचेना. त्याने गाडी तिथल्या तिथे वळवली, अर्धं चाक दलदलीत गेलं, निघालं. आणि तो मोजायला लागला. एक. दोन. तीन... अकराला डावीकडून एक बारीक श्वास आला. मग पुन्हा शांत. एक. दोन. तीन. चार...

“बाबा.”

पोरीचाच आवाज. पण डावीकडून नव्हे.

“बाबा, लवकर आलो ना?”

नरेशने दात आवळले. पाच. सहा. सात.

“तूच बोलावलंस.”

आठ. नऊ.

“...आता का बोलत नाहीस?”

तो मला म्हणाला, काका, भीती होतीच हो, पण सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ते विचारत होतं ना, ते रागाने नव्हतं. कोणी पाहुण्याला घरी बोलवावं आणि दार उघडू नये, तसं काकुळतीला येऊन विचारत होतं. माझ्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं.

अकरा. बारा. तेरा. श्वास. मग पुन्हा पहिल्यापासून.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना तो किनाऱ्यावर पोचला. जत्रा उठली होती. वर लव्हाळ्याच्या कड्यापाशी चियोकोबाई कंदील घेऊन उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत. तिथूनच ओरडल्या, “होडी जिथून सोडली तिथे नको! पाण्याला पाय लागेपर्यंत जा! ज्या भाषेत बोलावलंस त्याच भाषेत जायला सांग!”

पोरीला त्या मागे बसलेल्याबरोबर गाडीत ठेवणं शक्यच नव्हतं. नरेशने तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातात डबा. ओहोटीने पाणी कुठल्या कुठे गेलेलं. सपाट ओली वाळू, दोन-तीनशे पावलं. खांद्यावर पोरीचं डोकं लुळं पडलेलं, आणि मानेला तिचा श्वास लागत नव्हता.

छप. छप. छप. त्याची पावलं.

छप. छप... मागून, जरा उशिरा.

तो थांबला. मागची थांबली. तो निघाला. छप. तो वळला नाही. वीस... एकवीस... बावीस... एवढा आकडा कधी आलाच नव्हता. तो पळायला लागला. पाणी पायांना लागलं, गार. गुडघाभर आत जाऊन त्याने दातांनी झाकण उघडलं, डबा उलटा केला, पाण्यात बुडवून खळखळून धुतला. आता बोलायचं होतं.

आणि तोंडातून शब्द फुटेना.

तुम्हीच बघा ना. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाहुण्याला ‘या’ म्हणतो. देवाला पाण्यात सोडताना परत बोलावतो. मेलेल्या माणसालासुद्धा तोंडावर ‘जा’ म्हणायची आपल्याला सवय नाही. नरेशने आयुष्यात कोणाला तसं म्हटलं नव्हतं. आणि मागे अगदी जवळ, त्याच्या कोपराशी, कोणीतरी वाट बघत उभं होतं.

एकोणतीस... तीस...

“जा,” नरेश म्हणाला. “जा. परत येऊ नकोस. तुला मी बोलावलेलं नाही. जा!”

...

लाटेचासुद्धा आवाज नाही.

मग त्याच्या खांद्यावर पोरीने एक मोठा श्वास आत ओढला, कण्हली, आणि खोकली. तोच कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. चार महिने ज्या आवाजाने त्या माणसाची झोप उडवली होती, तो ऐकून तो गुडघाभर पाण्यात हमसाहमशी रडला.

“बाबा,” निहारिका झोपेतच म्हणाली, “व्हाय आर यू ऑल वेट?”

एवढं गोड इंग्रजी त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, असं तो म्हणतो. चियोकोबाईंनी दोघांचे पाय धुतले, दोघांना कड्यातून आत घेतलं. डबा ठेवून घेतला, परत दिला नाही. सुलेखा सकाळी पाळी संपवून थेट तिथेच आली. पोरीला तपासलं, सगळं ठीक. मग नवऱ्यावर जी बरसली! इतकी की चियोकोबाई मध्ये पडल्या. खोकला पुढे तीन आठवड्यांत आपोआप गेला. विषाणूनंतरचा खोकला असाच जातो. मी सांगितलंच होतं.

आता यावर तू म्हणशील आकाश, की चार महिने न झोपलेला माणूस, रात्रीची गाडी, डोळा लागला असेल. म्हण. मीही त्याला तेच म्हणालो होतो. त्याने मान डोलावली. चहा प्यायला. कप खाली ठेवला. आणि मग नोव्हेंबरचं सांगितलं.

नोव्हेंबरातली पहिली कडक थंडी पडली होती. गवत पांढरं झालं होतं. सकाळचे साडेआठ. निहारिका फाटकापाशी स्कूलबसची वाट बघत उभी होती, एकटीच. नरेश स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. ऊन नुकतंच वर आलेलं, त्यामुळे तिच्या तोंडातून निघणारी वाफ स्वच्छ दिसत होती. बाप म्हणून त्याला ते बघत राहावंसं वाटलं. वाफ निघते, विरते. निघते, विरते. किती सहज श्वास घेतेय आपली पोर.

मग त्याच्या ध्यानात आलं, की ती सारखी उजवीकडे बघून हसतेय.

तिच्या तोंडातून वाफ निघाली आणि विरली.

आणि तिच्या उजव्या हाताला, तिच्याच उंचीवर, जिथे फाटकाच्या गजांशिवाय काहीच नव्हतं... तिथेही निघाली.